न फेकलेल्या फणसाची पोच

फार मागे, घाटातल्या एका अरुंद दरीच्या काठावर वानरांचा कळप राहत असे. पिल्लं झालेल्या माद्या पलीकडच्या कड्यावर असत आणि अलीकडून त्यांना फळं फेकली जात. धुक्यात काही दिसत नसे. म्हणून फळ मिळालं की पलीकडून त्याचं नाव घेऊन हाक यायची. हाक आली नाही, तर तेच फळ पुन्हा फेकायचं.

फेकणारा म्हातारा झाला, तेव्हा झिपऱ्या आणि भुरकी हे दोन तरुण वानर त्या कामासाठी पुढे आले. दोघांनी एकेक दिवस फेकून दाखवायचं ठरलं. कळपातल्या थोरल्या आजीने साळुंकीच्या कानात काहीतरी सांगितलं. साळुंकीला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येई.

झिपऱ्याने उंबरं फेकली, हाक आली. करवंदं फेकली, हाक आली. तो फणस उचलणार, तोच साळुंकी धुक्यातून पलीकडच्या आवाजात ओरडली, "फणस पोचला!"

"चला, मोठं ओझं वाचलं," म्हणत झिपऱ्या फणसाला टेकून बसला. पलीकडच्या माद्यांनी तो दिवस करवंदांवर काढला.

दुसऱ्या दिवशी भुरकीलाही तीच हाक ऐकू आली. ती दरीकडे तोंड करून ओरडली, "करवंदांपर्यंतच फेकलंय! फणस माझ्या हातात आहे, आता येतोय!" आणि तिने तो फेकला.

काम भुरकीला मिळालं. ती हाक आजीच्या सांगण्यावरून साळुंकीने दिली होती हे कळताच झिपऱ्या आजीवर चिडला. "आवाज अगदी खरा होता, आजी. कुणीही फसलं असतं."

"आवाज खराच होता रे," आजी म्हणाली. "पण फणस तुझ्या पाठीला टोचत होता."