शलोमबाय उठेपर्यंत खाडी भरत नाही

फार वर्षांपूर्वी, पोरांनो, आपल्या तारबंदराला चर्च नव्हतं की घंटा नव्हती. ख्रिस्ताची मूठभर माणसं खाडीकाठी झावळ्यांच्या मांडवात जमायची. सगळ्यांची राखण करी तो अध्यक्ष, पिकल्या केसांचे ते वडील, भाकर वाटे तो सेवक. आणि शलोमबाय सेविका. म्हाताऱ्या अध्यक्षानं सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला तसं नेमलं होतं. बायकांचा बाप्तिस्मा असला की पुरुष पाठ फिरवून उभे राहत, आणि शलोमबाय लुगड्याच्या आडोशानं एकेकीला तेल चोळून खाडीत बुडवून काढी.

म्हातारा वारला. गलबतातून नवा अध्यक्ष आला, बरोबर उंच खुर्ची घेऊन. बसल्या बसल्या म्हणाला, "बाईला पदवी कशाला? काम करू दे, पण सेविका म्हणायचं नाही."

वडिलांनी माना डोलावल्या. सेवकानंही डोलावली, भाकर चावत.

शलोमबायच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या डोक्यावर हात ठेवला तो काय उवा बघायला, रे? नाव काढून घेतलंस ना, मग कामही तूच कर." आणि ती काठावरच्या खडकावर जाऊन बसली.

बाप्तिस्म्याचा दिवस आला. कोळ्यांच्या पोरी सकाळपासून उपाशी ताटकळल्या. "आजी, आमचं काय गं?" एक रडवेली झाली. शलोमबायनं पदरानं तिचे डोळे पुसले. पण आज उठले तर उद्या यांनाही कुणी विचारणार नाही, म्हणून ती दात आवळून बसून राहिली.

"मीच डोळे मिटून बुडवतो," म्हणत अध्यक्ष खाडीत शिरला. असं म्हणतात, त्यानं पाऊल टाकलं की पाणी मागं सरे. तो पुढं, पाणी आणखी मागं. शेवटी कमरेपर्यंत चिखलात रुतला. ओढायला गेलेले वडीलही रुतले.

"शलोमबाय, हात दे गं."

"कोण शलोमबाय? पुरं नाव घे."

"...सेविका शलोमबाय."

"ऐकू येत नाही."

तो घसा फोडून ओरडला, तेव्हा ती उठली, आणि खाडी भरभरून आली. तिनं आधी पोरींना बुडवून काढलं, चिखलातल्या पुरुषांना मागाहून ओढलं. लुगडं वाळत घातलं ते त्याच खुर्चीवर. राग मात्र मरेपर्यंत गेला नाही, असं म्हणतात.

अजून तारबंदरात बाप्तिस्मा असला की गावातली सगळ्यात म्हातारी त्या खडकावर बसते. फादर असो की बिशप, चपला काढून चिखलात उतरतो आणि "सेविका, ये" म्हणून हाक मारतो.

पहिल्या हाकेला ती कधीच उठत नाही.