इराप्पा गोळेवाल्याचा नेपच्यून

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या कोरटीत वीज सोडा, विजेचा खांबसुद्धा नव्हता तेव्हा, इराप्पा नावाचा गोळेवाला होता. तालुक्याहून हातगाडी ढकलत बर्फाची लादी आणायचा. भुशात पुरून, गोणपाटात गुंडाळून आणलेली ती लादी भर वैशाखात थेंबभरही वितळायची नाही, असं म्हणतात. वितळत असेलही, पण सांगणाऱ्याला कशाला अडवा!

एकदा जत्रेत पोरांनी विचारलं, "मामा, तुझ्या गोळ्याहून गार काय असतं?"

"नेपच्यून!" इराप्पा म्हणाला. रद्दी पेपरात वाचलं होतं त्यानं. "सूर्याभोवती फिरणारा सगळ्यात लांबचा ग्रह. निळाशार. तिथं तुमच्या नाकातला शेंबूडपण दगड होईल."

पोरं खूश. पण शेजारी केरबा पाटील बसलेले. "मला नाही दिसत आभाळात असलं काही. थापा मारून पोरं गोळा करतोस होय रे? उद्या दुपारपर्यंत दाखव, नाहीतर या जत्रेत पुन्हा गाडी लावायची नाही."

इराप्पाचं घर त्या जत्रेवर चालायचं. आणि नेपच्यून नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही! दुसरा कुणी पाटलांच्या पाया पडला असता. हा गडी निवांत घोरला, असं म्हणतात.

सकाळी त्यानं पारावर लाल भोपळा ठेवला. "हा सूर्य." बेचाळीस पावलं मोजून ज्वारीचा दाणा ठेवला. "ही आपली पृथ्वी."

"एवढीशी?" पोरं ओरडली.

मग एक टपोरा हरभरा पाटलांच्या हातात दिला. "हा नेपच्यून. चला."

ओढा गेला, खळी गेली, पाटलांचा फेटा घामानं भिजला. "आलं का रे?"

"अजून कुठं, पाटील! पृथ्वीच्या तीसपट लांब आहे तो."

तेराशे पावलांवर, टेकडीच्या माथ्यावर इराप्पा थांबला. "आता सूर्य बघा." भोपळा ठिपक्याएवढा झाला होता. "एवढ्याशा उन्हात गारठेल नाहीतर काय?"

पाटलांना तिथंच उभं करून तो धावत पारावर आला. "मंडळी, पाटलांच्या हातातला हरभरा दिसतोय?"

"नाही!"

"मग पाटलांकडं हरभराच नाही म्हणायचं?"

सगळा पार खदखदून हसला. टेकडीपर्यंत ऐकू गेलं, असं म्हणतात. पाटील मूठ आवळून खाली आले आणि म्हणाले, "लाव बाबा गाडी. म्हातारा होईस्तोवर लाव."

पोरांनी विचारलं, "मामा, याची एक फेरी किती दिवसांची?"

"एकशे पासष्ट वर्षांची. आपल्या मापानं वर्षाला पन्नास पावलं."

"कुणी बघितलंय?"

"मी बघतो ना!"

तेव्हापासून दर जत्रेला इराप्पा आधी टेकडीवर, मग पन्नास पन्नास पावलं पुढं सरकत, पाराभोवतीच्या गोलावर गाडी लावायचा. गोळा पाहिजे तर या चालत! एका वर्षी तो आलाच नाही. पण पन्नास पावलं पुढची जमीन, वैशाखाच्या उन्हात, ओली होती आणि तिथला धोंडा हात लावला की झिणझिण्या येतील इतका गार. इराप्पा फेरी पुरी करायला गेलाय, असं म्हणतात.

आपण पोरं तोच धोंडा निळा रंगवतो आणि दर जत्रेला पन्नास पावलं पुढं नेतो. वाटेत विहीर येवो की ऊस, गोल मोडायचा नाही. यंदा धोंडा पाटलांच्या पणतूच्या गोठ्यात आलाय. त्यानं मुकाट्यानं म्हशी बाहेर बांधल्यात.