केवडाईच्या खोऱ्यातला परका

एका राज्यात रस्ते पुष्कळ होते आणि राजपुत्र एकच. त्याचे नाव हेमांगद. एका सिद्धाने त्याला खडावा दिल्या होत्या; त्या पायात घालून देशाचे नाव घेतले की राजपुत्र त्या देशात. सकाळी बर्फाच्या मुलखात, दुपारी मोत्यांच्या बेटावर, दिवेलागणीला घरी जेवायला. छप्पन देश त्याने असे पाहिले. त्याला नावे ठेवू नका. परक्या मुलखात पाऊल टाकायला छाती लागते, आणि घरी बसून नाके मुरडणारे त्या काळीही थोडे नव्हते. हेमांगद फक्त थांबत नसे. नदी दिसली, पाहिली. डोंगर दिसला, पाहिला. उद्या नवा देश.

त्याची धाकटी बहीण चारुमती वेशीबाहेर कधी पडली नव्हती. भाऊ आला की त्याच्या खडावांची धूळ ती झटके, आणि ही धूळ कुठली ते तो तिला सांगे. तिचा त्याच्यावर फार जीव होता.

एके दिवशी खडावा एकट्याच परत आल्या. त्यांना तांबडा चिखल लागला होता. राजा धर्मकेतू वेशीवरच्या नगारखान्यात जाऊन बसला. "मुलगा दिसेपर्यंत मी खाली उतरणार नाही," म्हणाला. न्याय थांबला. पाटबंधाऱ्यांची कामे थांबली. ज्या वादांचा निकाल राजाने द्यायचा ते वाद वाढत गेले, आणि बापाचे डोळे रस्त्याला लागून राहिले. तेव्हा चारुमतीने खडावा पायात घातल्या. त्या तिला सैल होत होत्या.

"जिथे त्याला सोडलेत तिथे न्या," ती म्हणाली.

पापणी लवते न लवते तो ती एका खोऱ्यात उभी होती. तांबडी माती, भाताची खाचरे, थोडी घरे, आणि नदीवरून गावात चढणारा दगडी घाट. घाटाने बाया घागरी घेऊन वर येत होत्या. एक जरा अडखळली, तिच्यामागची दुसरीही अडखळली. निसरडा असेल, असे म्हणून चारुमतीने मान फिरवली. समोरच्या अंगणात एक उंच बाई तांदूळ निवडत बसली होती. ती केवडाई. चेटकीण होती, आणि खोरे तिचे होते.

"बाई, माझा भाऊ इथे आला होता."

"आला होता. मी म्हटले, बस, जेव, रात्रभर राहा. सकाळी धुके उठले की खोरे दिसेल. तो म्हणाला, पाहिले, एक नदी आणि चार घरे. आणि माझा भात चुलीवर असताना चालता झाला. असा अपमान या खोऱ्याने कधी गिळला नव्हता."

"तो कुठे आहे?"

"इथेच. त्याची मी खोऱ्यातली एक वस्तू केली आहे. ती पहिल्यापासून इथे होती, असे साऱ्यांच्या मनात घातले आहे. विचारशील त्याला विचार. उजवा तळहात टेकून त्याचे नाव घे. ओळखलेस तर भाऊ तुझा. तीन वेळा. तिसऱ्यांदा चुकलीस तर तूही इथेच, त्याच्यासारखी."

"आणि मुदत?"

"मुदत माझ्या हाती नाही. ज्या दिवशी हे खोरे त्याला पुरता आपला मानेल, त्या दिवसानंतर तो मलाही काढता यायचा नाही."

चारुमतीने सभोवार पाहिले. दगड, झाडे, बांध, गोठे, ओंडके. यातला हेमांगद कोणता? पण भावाकडून ती एक गोष्ट शिकली होती. एका देशात जे नाही ते दुसऱ्या देशात असते. ती खडावांवर चढली आणि निघाली.

बर्फाच्या मुलखात एक एकाक्ष मांत्रिक होता. त्याने तिच्याकडून बोटे बधिर होईस्तोवर अंजन घोटून घेतले आणि त्यातले चिमूटभर तिला दिले. ते डोळ्यांत घातले की जिथे जिथे जादू आहे तिथे तिथे तेज दिसे. चारुमती खोऱ्यात परतली, डोळ्यांत अंजन घातले, आणि पाहते तो काय, चेटकिणीचेच खोरे ते, गवताची काडीदेखील चमकत होती. त्यातल्या त्यात लखलखणारा एक दगड तिने हेरला, धावत जाऊन त्यावर तळहात टेकला आणि म्हणाली, "हेमांगद." हात चांगलाच पोळला.

"ती माझी चूल आहे," केवडाई म्हणाली. "हाताला तूप लाव."

मग चारुमती पक्ष्यांच्या बेटावर गेली. तिथला एक म्हातारा धनेश छप्पन देशांची झाडे ओळखी, आणि ती ओळख सांगितल्यावाचून त्याला अन्न गोड लागत नसे. तिने त्याला खांद्यावर बसवून आणले. त्याने खोऱ्यावर दोन घिरट्या घातल्या आणि नदीकाठच्या एका अगडबंब झाडावर बसून चोच वाजवली. ती गोरखचिंच होती, बुंधा असा की पाच माणसांच्या कवेत मावू नये.

"हा वृक्ष या मातीतला नव्हे, राजकन्ये. हा समुद्रापलीकडचा. संशयच नको."

चारुमतीने बुंध्याला तळहात टेकला. "हेमांगद." वरून एक पान पडले, एवढेच. बांधावर पारूबाई नावाची विधवा गवत कापत होती. ती हसली.

"आमच्या पणज्यानं बी आणलं व्हतं गलबतावरनं. आमची समद्यांची लग्नं हिच्याच सावलीत लागली. बाई, हिच्यापरीस आमची दुसरी कोन?"

दुरून आलेले सगळेच परके नसते, हे धनेशाला ठाऊक नव्हते. तो मान खाली घालून आपल्या बेटाकडे उडून गेला.

आता एकच खेप उरली. चारुमती केवडाईच्या अंगणात आली, पायांतल्या खडावा काढल्या आणि त्याच चुलीत घातल्या. चंदनाचा वास सुटला. केवडाईच्या हातातले सूप पहिल्यांदाच थांबले.

"परत कशी जाशील?"

"जाईन तेव्हा चालत जाईन. तोवर इथे राहीन."

पारूबाईने तिला घरात घेतले. राजकन्या भात लावू लागली, शेणी थापू लागली, घागर डोक्यावर घेऊन घाट चढू लागली. पहिल्या पावसाळ्यात तर ती घाटाच्या पायरीपायरीवर ठेचकाळली. बाया तोंडाला पदर लावून हसत, आणि तिलाही हसू येई. हळूहळू तिच्या पायांना घाट कळला. धुके आधी कुठल्या कोपऱ्यातून उठते, तेही कळले. नदीला पाणी चढायच्या आधी खेकडे कुठे चढतात, कोणाच्या घरी भांडण झाले की कोणती गाय दूध चोरते, हेदेखील कळले. एक खोरे, जे हेमांगदाने उभ्याउभ्या संपवले होते, ते तिला काही केल्या संपेना.

रोज सकाळी घाट चढून आले की वरच्या रुंद पायरीवर ती दम खायला थांबे. तिथून अख्खे खोरे दिसे. डोक्यावर घागर तशीच धरून ती एकेक वस्तू न्याहाळी आणि मनाशी विचारी, यातले इथले नाही ते कोणते? आरंभी तिला सारेच परके वाटे. पुढे पुढे सारेच इथले वाटू लागले, आणि त्याची तिला भीती बसली. तिलाच जर सारे आपले वाटू लागले, तर खोऱ्याला किती वेळ लागणार? कधी भात लावता लावता चिखलात उभी राहून ती रडे. पारूबाई शेजारची ओळ लावत राही.

त्या खोऱ्यात नदीची ओटी भरायचा सण असे. त्या दिवशी वरच्या कड्यावर शेळ्या राखणारी ठकूबाई खाली येई. वर्षात तेवढाच एक दिवस तिचे पाय गावाला लागत. ओटी भरून परत वर येताना ती दर सणाला अडखळे. एकदा तिच्या हातातला नारळ सुटून गडगडत पुन्हा नदीत गेला होता. सारे म्हणत, म्हातारी झाली. चारुमतीही तसेच म्हणे.

मग पुन्हा सण आला. ठकूबाई कड्यावरून उतरताना चारुमती खालून बघत होती. जिथे शेळी बिचकेल अशा जागी म्हातारी हात न टेकता उतरली. ओटी भरली. घाट चढू लागली. ताठ, सरळ, एका लयीत. आणि शेवटाला आली न आली तो तिचा पाय अडकला आणि ती पुढे झुकली. घागर घेऊन मागून चढणाऱ्या चारुमतीने तिला सावरले.

"ठकूबाई, तुम्हाला घाट चढवत नाही?"

"मला? कडा चढती मी रोज."

"मग इथेच कशा अडखळता?"

"काय की बाय. गेली काही सालं हितंच व्हतंय. पाय म्हनतो घाट सरला, आन् बघावं तर आनिक एक पायरी हायेच. पन आता येतंय ध्यानात. पुढल्या साली न्हाई अडखळायची."

चारुमती उभी होती तिथेच थिजली. तिचे स्वतःचे पाय हा घाट शिकले ते ही वरची पायरी असताना. ठकूबाईचे पाय शिकले ते ती नसताना. चेटकिणीने माणसांच्या मनात काय हवे ते घातले होते, पण पायांना सांगायला ती विसरली होती. गावच्या बायाही पूर्वी इथेच अडखळत. पहिल्याच दिवशी तिने ते पाहिले होते आणि मान फिरवली होती. आता त्या अडखळत नव्हत्या. त्यांच्या पायांनी पायरी आपली करून टाकली होती. उरली होती ही एकटी म्हातारी, आणि तीही पुढल्या सालापर्यंतच.

चूक ठरली तर? मग ती इथलाच एखादा दगड होईल आणि नगारखान्यात बाप एकटा मरेल. पण आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिने घागर उतरवली, गुडघे टेकले, ओल्या दगडावर उजवा तळहात ठेवला.

"हेमांगद."

दगड कोमट झाला. मग त्याला खांदे आले, मग मान, आणि तिच्या तळहाताखाली भावाचे कपाळ होते. तो उठून बसला. उन्हाने त्याचे डोळे उघडत नव्हते. घाटावर बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यातली एक पुढे झाली तशी तो डोळे मिटूनच म्हणाला, "पारूबाई. डावा पाय जपून टाकता. भात कापणीपासून दुखतोय तो." दुसरी हलली. "ही उड्या मारत चढते आणि अर्धे पाणी सांडते." पोरगी लाजली. मग त्याने हात पुढे करून बहिणीचे पाऊल चाचपले.

"हे पाऊल पहिल्या पावसात फार ठेचकाळायचे," तो म्हणाला. "मी ओळखले होते. तू रोज माझ्यावर उभी राहायचीस आणि मला शोधायचीस, चारू. मी हाका मारायचो. दगडाला आवाज नसतो."

चारुमतीने त्याच्या खांद्यावर डोके ठेवले आणि इतक्या वर्षांचे सारे रडून घेतले. केवडाई येऊन उभी राहिली होती.

"पाहिलेस खोरे?" तिने विचारले.

"अजून नाही, आई," हेमांगद म्हणाला. "डोळे आत्ताच उघडतील."

केवडाईने तोंड फिरवले. चेटकिणी हसतात ते कोणाला दिसू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुमती शेवटची घागर भरायला गेली. बाया ओळीने वर आल्या, आणि शेवटाला एकेकीचा पाय नसलेल्या पायरीसाठी उचलला गेला, हवेत पडला, घागरी डचमळल्या. चारुमतीचेही पाणी सांडले. रात्री गावात राहिलेली ठकूबाई तेवढी सरळ वर आली. पारूबाईने त्या मोकळ्या जागेकडे पाहिले.

"आपला व्हता त्यो," ती म्हणाली, आणि पदराने गळा पुसून पुढे गेली.

भाऊबहीण चालत निघाली. खडावांना जे अंतर श्वासाएवढे होते, त्याला त्यांना कितीतरी दिवस लागले, कारण हेमांगद वाटेतल्या कोणतेही गाव नुसते ओलांडीना. मुक्काम करी, विहिरीचे पाणी पिई, लोकांची नावे विचारी. शेवटी एका संध्याकाळी नगारखान्यातून राजाला माळावर दोन माणसे दिसली. बापाने चाल ओळखली. तो उठून उभा राहिला. आणि ती दोन माणसे वेशीपासून कोसभर अलीकडे एका वस्तीत वळली आणि तिथेच थांबली.

राजाने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याच्याने राहवेना. वर्षानुवर्षांच्या पायऱ्या तो एका दमात उतरला आणि अनवाणीच निघाला. वस्तीत एका कुंभाराच्या अंगणात त्याची मुले पानावर बसलेली होती. राजाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. कुंभारणीने तिसरे पान मांडले.

"बसा बाबा. पानी कुठलं घेता, आडातलं का झऱ्यातलं?"

राजाला सांगता येईना. ते गाव त्याच्याच राज्यातले होते, नगारखान्यातून रोज दिसत होते, आणि तो तिथे आजवर कधी आला नव्हता. तो खाली बसला आणि म्हणाला, "दोन्ही आणा."

दुसऱ्या दिवसापासून राज्यात न्याय सुरू झाला.