कर्दळीचा लाल

"मास्तर, आता तरी सही करू?"

विश्रामनं चित्र भिंतीला टेकवलं. बागेतलं तळं, दिवेलागणीची वेळ. लांबून पाहिलं की पाणी हलायचं, जवळ गेलं की नुसते रंगाचे ठिपके. इंप्रेशनिस्ट चित्रकारांची ही रीत त्याला तेंडोलकर मास्तरांनीच शिकवली होती.

मास्तरांचा एक दंडक होता. ते म्हणेपर्यंत शिष्यानं चित्रावर आपलं नाव घालायचं नाही. विश्रामला मास्तरांकडे शिकायला लागून सात वर्षं झाली होती. मागून आलेले दोघं सही करून मोकळे झाले, हा आपला बिननावाचाच. आतल्या आत जळायचा बिचारा. खोटं कशाला बोला, हात त्याचाच सगळ्यांत सरस होता. आणि हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं.

मास्तरांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

"काठावरची ही कर्दळ कधी रंगवलीस?"

"आज सकाळी, मास्तर. बाकी सगळं संध्याकाळीच केलंय. पण तेव्हा फुलं नीट दिसत नाहीत ना."

"हं... उचल चित्र. चल."

दोघं तळ्यावर आले. सूर्य नुकताच बुडाला होता. मास्तर बाकावर टेकले.

"काय करायचं?"

"बसायचं. कर्दळीकडे बघत."

विश्राम बसला. मनात म्हणाला, हे चित्र काढताना दोन महिने दुसरं काय केलं मी?

समोर फुलं लालभडक होती. मग तो लाल जरा मंदावला. काळपट झाला. पानं मात्र निळसर होऊन उजळत चालली, आणि पाण्यात आभाळाचा उजेड तसाच थांबून राहिला. फुलांच्या जागी आता नुसता काळोख होता.

विश्राम पुढं वाकून बघू लागला.

"मास्तर... लाल गेला कुठं?"

विश्राम उठून थेट काठापर्यंत गेला.

"रोज इथंच बसत होतो मी. फुलं लाल हे ठाऊक होतं, म्हणून सकाळी येऊन लालच काढली. रोज हे असं होत होतं... आणि मला दिसलंच नाही."

परत बाकावर बसून त्यानं चित्र मांडीवर घेतलं. पिशवीतली सुरी काढली आणि कर्दळीची फुलं खरवडली, एकूण एक. सकाळचा रंग ओलाच होता, तो सुरीवर निघून आला. खालचं कोरं कापड उघडं पडलं.

"गेलं चित्र," तो म्हणाला. "आता कुणाला दाखवण्यासारखं राहिलं नाही."

असं म्हणताना त्याचं लक्ष चित्राकडे नव्हतंच. तो पुन्हा पाण्याकडे बघत होता.

मास्तरांनी खिशातून बारीक ब्रश काढला आणि त्याच्या हातात दिला.

"आता कर सही."