आरवण्याची चढाओढ

टिटवीवर कुणी विश्वास ठेवला नाही, मुलांनो, आणि ही तिची कायमचीच रड होती. ती ओरडली की अपशकुन म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. खाडीलगतच्या एका जंगलात ती राहत असे. अंडी घातलेली उघड्यावर, खड्यांमध्ये. मुंगूस सतत टपलेलं, पण शेजारचा रानकोंबडा त्याला चोची मारून पळवून लावी. तो होता म्हणून तिची अंडी होती.

तिथल्या कोंबड्यांची एक रीत होती. नवा कोंबडा आला की दोघांनी एकाच फांदीवर बसून आळीपाळीने आरवायचं. ज्याचा दम आधी संपेल त्याने मान लववायची, झालं. अंगाला नख लावायचं नाही. एकदा स्पॅनिश खलाशांच्या गलबतावरून पळालेला एक कोंबडा तिथे आला. त्याला स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा कळेना. रानकोंबड्याने पोपटाला सांगितलं, याला चढाओढीला बोलाव. पोपट काय, टिटवी काय, दोघांचाही वावर बंदरावर, दोघांनाही ती भाषा येई. त्या भाषेत चढाओढीला जवळजवळचे दोन शब्द. ‘कोंपेतिर’ म्हणजे स्पर्धा करणं. ‘कोंतेंदेर’मध्ये स्पर्धाही येते आणि मारामारीही.

टिटवीने पोपटाला बजावलं, पहिलाच शब्द घाल. "त्याच्या पायांवर सुरी बांधल्याचे वळ आहेत. झुंजीला भिऊन पळालाय तो. दुसरा शब्द ऐकला तर आधी वार करील."

पोपट हसला. "टिटवीबाई, आरवणं तर रोजचंच आहे. ते बघायला गर्दी कोण करणार?" आणि मुद्दाम त्याने दुसरा शब्द घातला, वर पंख आपटून लाथा झाडून दाखवल्या.

टिटवी धावत रानकोंबड्याकडे गेली, फांदीवर जाऊ नकोस म्हणून विनवू लागली. तो म्हणाला, "ताई, तुला जिथे तिथे मरणच दिसतं. पोपट शिकलेला आहे." तो फांदीवर चढला, डोळे मिटून त्याने मान ताणली. आरव पुरता बाहेरही पडला नव्हता, तोच पाहुण्याने त्याचा गळा फाडला. मग पाहुणा आपल्या भाषेत विचारू लागला, "हा का लढला नाही?" पोपटाने त्याचा अर्थ कुणाला सांगितला नाही.

दिवस मावळायच्या आत मुंगसाने टिटवीची सगळी अंडी फोडून खाल्ली. जंगल जमलं तेव्हा पोपट रडक्या आवाजात म्हणाला, सकाळपासून ही किंचाळत होती, हिनेच मरण बोलावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य : आवाज गोड की कर्कश हे बघत बसू नका, काय सांगितलं ते ऐका. नाहीतर घात करणारा सुटतो. त्या जंगलात आजही विचारा, रानकोंबडा कुणामुळे मेला, तर सगळे एकच नाव घेतात : टिटवी.