मयताच्या माठातले पाणी

पूर्वी शाल्मली नगरात राजा दृढकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. त्या नगरात एक रीत होती. ज्या घरी कोणी वारले, त्या घरच्या माठातले पाणी शेजाऱ्यांनी ओंजळभर प्यायचे, म्हणजे दुःख वाटून घेतले असे होई. जो पीत नसे, त्याच्याशी ते घर जन्मभर बोलत नसे.

एका उन्हाळ्यात ओकारी-जुलाबाची साथ आली. माणसे पटापट मरू लागली. राजा म्हणाला, "अमात्य, साथ कुंभारवाड्यात आहे. तो वाडा बाहेरून बंद करा. आतले आत निस्तरू दे."

"महाराज, आत लेकरे आहेत. मला आधी पाहू द्या."

बोधिसत्त्व दारोदार फिरले. आजाऱ्यांजवळ बसून कोण कुठे गेले, काय प्याले ते विचारले. साथ मयताच्या माठातून पुढच्या घरी जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. हे कळले, हे काय थोडे झाले? पण पुढे त्यांनी घाई केली. कोणाशी न बोलता दवंडी पिटवली, की मयताघरी पाणी पिणाऱ्याला फटके मिळतील.

दवंडीने काय होणार, कपाळ! लोक दारे लावून पिऊ लागले. शिपायांच्या धाकाने आजारही लपवू लागले. साथ आणखी पसरली.

अमात्यांना मंजरी नावाची एकुलती एक लेक होती. कुंभारवाड्यातली तिची मैत्रीण वारली, तेव्हा ती तिथे गेली आणि पाणी प्याली. घरी आल्यावर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या.

"का प्यालीस ग बाळे? तुला तर ठाऊक होते!"

"बाबा, तिची आई माझ्याकडे बघत होती. नाही कसं म्हणू? पिऊ नका म्हणालात, पण त्याऐवजी काय करायचं ते सांगितलंच नाहीत."

मंजरी वाचली नाही.

दारात शेजारी जमले. सर्वांत पुढे मैत्रिणीची आई सोमा कुंभारीण होती. ती म्हणाली, "माझ्या लेकीसाठी तुमची लेक प्याली. आता मला पिऊ द्या. नाही म्हणू नका."

बोधिसत्त्वांना रडू आवरेना. "सोमाताई, हे पाणी पाजले तर उद्या ही माणसे तुमच्या दारात उभी राहतील. दवंडीआधी मी तुमच्यापाशी येऊन बसायला हवे होते. चूक माझी, आणि भोगले माझ्या मंजरीने. माठाला हात लावा. आपण दोघे हे पाणी परसातल्या कडुनिंबाला घालू."

सोमा उंबरा ओलांडून आत आली. मग तिने माठाची दुसरी बाजू धरली.

नंतर बोधिसत्त्वांनी दवंडी मागे घेतली आणि गल्लोगल्लीच्या बायकांना बोलावून मयताघरचे पाणी मिळून झाडाला घालायची ही नवी रीत त्यांच्याच तोंडून ठरवली. साथ ओसरली. तोवर कुंभारवाड्यातली कितीतरी घरे ओस पडली होती.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सुघोष. सोमा ही उपासिका भद्रिका. मंजरी ही विहारात आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी शमा. कोणताही नियम करायचा म्हटले, की ती आजही विचारते, त्याऐवजी काय करायचं? आणि तो अमात्य मी होतो. या कथेतला गुण प्रज्ञा. त्या जन्मी ती मला लेक गेल्यावर आली."