सहा विजयगाठी

मिथिलेच्या गादीवर चित्ररथ नावाचा राजा होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नदीकाठच्या एका कोळ्याच्या घरी जन्म घेतला. नाव ठेवले वेणुक. बाप लवकर गेला. आई जाळी विणायची आणि गावाची गुंतलेली जाळी सोडवून द्यायची. पोर तिच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि बोटांनी गाठी चाचपायचे. आई एवढेच सांगे, "ओढू नको रे. ओढलीस की आवळते. आधी भिजव, मग बघ ती कुठून आत शिरलीय."

एकदा आचार्य कपिंजल त्या वाटेने चालले होते. मंत्रविद्येत त्यांचा हात धरणारा त्या देशात कोणी नव्हता. पोराची बोटे बघून ते थबकले आणि आईला विचारून त्याला आपल्या गुरुकुलात घेऊन गेले.

गुरुकुल एका मोठ्या तळ्याकाठी होते. ओल्या लाकडातून जाळ काढावा, वाऱ्याला हाक मारून बोलवावे, पाखरांशी बोलावे, असले सगळे तिथे शिकवीत. पण पहिले वर्षभर दुसरे काही नाही, फक्त दर्भाच्या गाठी. श्वास आत ओढून बंधमंत्र म्हणायचा आणि दर्भाला गाठ मारायची, की समोरचे कोकरू जागच्या जागी खिळे. श्वास सोडत सोडमंत्र म्हणायचा आणि गाठ उकलायची, की कोकरू उड्या मारत आईकडे पळे. गाठ तोडायची नाही, तोडली तर बंध आतच राहतो, हेही तेव्हाच सांगत. दुसऱ्या वर्षी जाळ आणि वारा सुरू झाला, की पोरे सोडमंत्र विसरून जात. लहानांचा धडा तो, त्याला कोण विचारतो?

तळ्याच्या मधोमध एक खडक होता. त्यावर निळे कमळ उगवे आणि त्याला वेटोळे घालून कालोद नावाचा नाग बसलेला असे. दर सात वर्षांनी तिथे सामना होई. सूर्य उगवल्यावर तळ्यात उतरायचे, नागाला बांधायचे आणि ऊन डोक्यावर यायच्या आत कमळ घेऊन काठाला यायचे. आणील त्याला राजाच्या दरबारात मांत्रिकाची गादी. त्याची दर्भाची गाठ मोठ्या शाळेत खुंटीला टांगत, तिला गंध लावीत, फूल वाहत. अशा सहा विजयगाठी तिथे होत्या. रोज सकाळी पोरे त्यांच्या पाया पडत. दोघे जण तळ्यातून परत आले नव्हते, त्यांचे नाव मात्र कोणी काढीत नसे.

सामन्याला कोण उतरणार हे द्रोण ठरवीत. प्रत्येकाने पळसाच्या पानाचा द्रोण टाचायचा, त्यात फूल ठेवून तळ्यात सोडायचा. ज्याचा खडकाला लागेल तो उतरणार. वेणुकाला मुळीच उतरायचे नव्हते. तो जेमतेम सोळा वर्षांचा. पण जाळे विणणारणीचा पोर तो, त्याला कच्चे टाचता येईना. बाकीचे द्रोण पाणी धरून बुडाले. त्याचा गेला तसा थेट खडकाला जाऊन टेकला. दुसरा टेकला तो सेनापतीच्या मुलाचा, जयसेनाचा, आणि त्याने तो वारा बोलावून ढकलला होता.

"कोळ्या," जयसेन म्हणाला, "जाळं आणलंयस ना घरून? नाग म्हणजे मोठा मासाच की."

"मासा असता तर तुझ्या हाती लागला नसता," वेणुक म्हणाला. पोरे हसली, जयसेनही हसला.

दुपारी तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. तिथे सोमदा नावाची म्हातारी रांधीत असे. सगळी पोरे तिला माय म्हणत. ती तेव्हा लाह्या भाजत होती.

"पान तसंच टाकलंस सकाळचं," ती म्हणाली. "घाबरलास?"

"हो, माय."

"बरं केलंस. जे घाबरले नव्हते ते दोघं मला अजून आठवतात." तिने कढईतले उलथणे फिरवले. "मी इथं आले तेव्हा तुझ्याहून लहान होते. हा नाग तेव्हा काठावर यायचा, ठाऊक आहे? मी सुपातून लाह्या टाकायची, तो एकेक वेचायचा. फोलपट नाकात गेलं की शिंकायचा. एवढा मोठा नाग, आणि शिंक मांजराएवढी."

"मग काय झालं?"

"मग राजा आला गुरुकुल बघायला. तुझे आचार्य तेव्हा शिष्यच होते, मिसरूड फुटलेलं. त्यांनी सगळ्यांसमोर त्याला खडकाशी बांधून दाखवलं. काय ती वाहवा. हत्तीवरून मिरवलं त्यांना, पहिली गाठ खुंटीला टांगली, आणि तिथूनच हे सामने सुरू झाले. तेव्हापासून तो काही काठाला आला नाही."

"आणि सोडलं कधी त्याला?"

सोमदेचा हात थांबला. लाह्या कढईत तडतडत राहिल्या. "ते मला रे काय विचारतोस? विद्या तुमची."

वेणुक उठला तो तडक मोठ्या शाळेत गेला. तीन वर्षे ज्यांच्या पाया पडला त्या गाठी त्याने पहिल्यांदा नीट बघितल्या. गंधाचे थर चढून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. सहाच्या सहा बांधलेल्या. एकही उकललेली नाही. कमळ हाती आले की नगारा वाजे, माळा पडत, हत्ती येई. त्या गडबडीत मागे वळून श्वास सोडायला कोणाला सुचणार?

'बेचाळीस वर्षं,' त्याने मोजले. आणि त्याला कोकरू आठवले.

दुसऱ्या दिवशी, सामन्याच्या सकाळी, काठ माणसांनी भरून गेला. राजाचे अमात्य येऊन बसले. तिथली रीत अशी, की उतरणाऱ्याने गुरुकुलातली एक वस्तू मागावी आणि तिला नाही म्हणायचे नाही. जयसेनाने आचार्यांचा लोखंडी टोकाचा दंड मागितला.

वेणुक म्हणाला, "मला खुंटीवरच्या गाठी द्या."

आचार्यांचा चेहरा उतरला. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यातली सगळ्यात जुनी माझी आहे, वेणुका."

"ठाऊक आहे, आचार्य."

"काय करणार आहेस त्यांचं?"

"भिजवणार आहे."

मागची पोरे खिदळली. आचार्य हसले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन गाठी खुंटीवरून काढल्या आणि त्याच्या ओंजळीत ठेवल्या.

केळीच्या खुंटांचे दोन तराफे सुटले. जयसेनाने वारा बोलावला आणि बघता बघता पुढे गेला. नागाने मान वर काढली, पण ती अर्ध्यावरच अडली. जयसेनाने बंधमंत्र म्हटला, मुठीतल्या दर्भाला गाठ मारली आणि वेटोळ्याच्या आत उडी घेतली. कमळ दोन हातांवर होते. पण बघा, आधीच्या सहा बंधांनी ते वेटोळे आखडत आखडत आले होते. सातवा पडला तसे ते फासासारखे मिटले, आणि जयसेन छातीपर्यंत आत अडकला. दंड पाण्यात पडला.

वेणुक पोचला तेव्हा जयसेनाचे तोंड निळे पडू लागले होते. वेणुकाने पाऊल ठेवले तिथेच कमळ होते, त्याच्या गुडघ्याला लागत होते. काठावरून पोरे ओरडत होती, "खूड! खूड आणि ये!" त्याला आईचे हात आठवले, हिवाळ्याच्या पाण्याने भेगाळलेले. दरबाराची गादी मिळाली तर त्या हातांना पुन्हा पाण्यात जावे लागणार नव्हते. हे त्याच्या मनात आले, नाही असे नाही. पण डोळ्यांसमोर जयसेनाचा श्वास तुटत होता.

"जयसेना, गाठ उकल."

"येत नाही," जयसेन कसाबसा म्हणाला. "विसरलो."

वेणुकाने कमळाकडे पाठ केली. जयसेनाची मूठ उघडून दर्भ घेतला, पाण्यात बुडवला, आणि श्वास सोडत सोडमंत्र म्हणत गाठ उकलली. वेटोळे वीतभर सैल झाले. त्याने जयसेनाला काखेत धरून ओढले आणि तराफ्यावर लोटले.

"चल लवकर," जयसेन खोकत म्हणाला. "वेटोळं मोकळं झालंय."

"अजून कुठं झालंय?" वेणुक म्हणाला, आणि पाय पाण्यात सोडून खडकावर बसला.

जवळून बघितले तेव्हा त्याला कळले. नागाच्या अंगावर सहा वळ होते. जुन्या दोरीवरून झाडाची साल चढावी, तशी कातडी त्यांच्यावरून चढली होती. वेणुकाने गाठी पाण्यात धरल्या. नागाचे डोके त्याच्या डोक्यावर आले, ऊन झाकले गेले. त्याच्या बोटांना त्यांचे काम ठाऊक होते. एक गाठ उकलली, एक वळ विरला. दुसरी उकलली. तिसरी, चौथी, पाचवी.

सहावी काही केल्या उकलेना. ती आचार्यांची. भिजवली, चाचपली, नखाने गंध खरवडले, पण बंध कुठून आत शिरलाय ते सापडेना. सूर्य माथ्यावर येत चालला. नागाचा श्वास त्याच्या मानेवर पडत होता. तोडावी आणि पळावे, असे एकदा वाटून गेले. त्याने ती पुन्हा पाण्यात धरली आणि पुन्हा पहिल्यापासून मंत्र म्हणू लागला.

तेव्हा काठावरून दुसरा आवाज आला. आचार्य कपिंजल गुडघाभर पाण्यात उतरले होते आणि सोडमंत्र म्हणत होते. लहानांना तो दुसरेच शिकवीत; आचार्यांनी स्वतः बेचाळीस वर्षांत म्हटला नव्हता, म्हणून मध्ये अडखळले. काठावरच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी पुढचा शब्द सांगितला. मग ते पुढे म्हणू लागले. दोघांचे श्वास एकदम सुटले, आणि वेणुकाच्या हाती दर्भाची एक सरळ काडी राहिली.

नाग सबंध लांब झाला. तळे काठोकाठ हलले. वेणुकाने डोळे मिटून घेतले.

"सोमदा आहे अजून?" वरून आवाज आला.

वेणुकाने डोळे उघडले. "आहे."

"लाह्या भाजते?"

"भाजते. काल थोड्या करपल्या, पण त्यात चूक माझी होती."

"चालतील," नाग म्हणाला आणि काठाकडे निघाला.

माणसे पांगली, अमात्य आसनावर पाय वर घेऊन बसले. सोमदा तेवढी सूप घेऊन पुढे आली. नागाने लाह्या वेचल्या आणि शिंकला. ती म्हणाली, "म्हातारा झालास, पण शिंक तीच."

अमात्यांनी विचारले, "कमळ कोणी आणलं?" कोणीच आणले नव्हते. ते तळ्यात होते तिथेच डोलत होते. दरबाराची गादी त्या वर्षी अंगदेशातल्या कुणाला तरी मिळाली. पुढे सामना झालाच नाही. आचार्यांनी पहिल्या वर्षाचा धडा शेवटच्या वर्षीही ठेवला, आणि तो शिकवायला वेणुकाला बसवले. पहिला शिष्य म्हणून जयसेन येऊन बसला. "हसू नको," तो म्हणाला. वेणुक हसला.

आईला ही हकिगत कळली तेव्हा ती त्याला भेटायला आली. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तोडली तर नाहीस ना एकही?"

"नाही, आई."

"मग झालं," ती म्हणाली. वेणुकाने तिला परत जाऊ दिले नाही. गुरुकुलातली पोरे पुढे तिच्याजवळ बसून गाठी सोडवायला शिकली.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा जेतवनाच्या विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. उग्गत आणि सुप्पिय या दोन भिक्षूंचे, अंगावरची चीवरे वाळत घालायच्या दोरीवरून, बिनसले होते, आणि तीन पावसाळे ते एकमेकांशी बोलले नव्हते. कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा जयसेन म्हणजे हा उग्गत, आणि कालोद नाग म्हणजे हा सुप्पिय. आचार्य कपिंजल तो सारिपुत्त. सोमदा म्हणजे श्रावस्तीच्या वेशीपाशी तुमच्या पात्रात रोज भात वाढते ती वृद्ध उपासिका. वेणुकाची आई ती महामाया. आणि वेणुक मी होतो."

उग्गत उठून बाहेर गेला. सुप्पियाचे चीवर वाऱ्याने खाली पडले होते. ते त्याने झटकले आणि दोरीवर आपल्या चीवराशेजारी नीट पसरून घातले. सुप्पिय दारातून बघत होता. तो म्हणाला, "कड दुमडलीय." उग्गताने कड सरळ केली.

हाताशी आलेले कमळ तसेच ठेवून बोधिसत्त्व गाठी उकलत बसला, ते ज्या गुणाच्या बळावर, सगळ्यांचे भले चिंतणाऱ्या त्या गुणाला मैत्री म्हणतात.